शनिवारचा पिक्चर का फसतो?

सदराकडे आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

‘आमच्या अपार्टमेंटमधल्या बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. शुक्रवार उजाडला की कुणी ना कुणी पिक्चर नाहीतर सिरीज सुचवतंच. “लई भारी, चुकवू नका”, “बकवास, वेळ घालवू नका”, नाहीतर नुसते पाच तारे. आम्ही घरात सहाजण. सासू-सासरे, आम्ही दोघं, नववीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. शनिवारी जेवणं आटोपून साडेनऊला बसतो आणि महिन्यातले तीन शनिवार तरी फुकट जातात. सासरे झोपतात, मुलगा मोबाईल काढतो, नाहीतर असं काही दृश्य येतं की मलाच उठून पाणी आणायला जावं लागतं. त्यात दिवाळीत ५५ इंची टीव्ही घेतला. त्यावर पिक्चर मालिकेसारखा दिसतो, बोलणं ऐकू येत नाही आणि मारामारी लागली की शेजारचे भिंत वाजवतात. आता दर महिन्याला “काय बघावं, काय नको” हे लिहायचं काम ग्रुपने माझ्याच गळ्यात घातलंय. मी काही समीक्षक नाही. कसं लिहू?’
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई,

तुम्ही टीव्हीची तक्रार जाता जाता केलीय, पण सुरुवात तिथूनच करा. टीव्हीची सेटिंग बिघडलेली असेल तर चांगला पिक्चरही पडतो, आणि मग ग्रुपवर तुम्ही पिक्चरच्या नावाने जे लिहाल ते खरं म्हणजे टीव्हीबद्दलचं मत असेल. ‘स्वस्तात काढल्यासारखा वाटतो’, ‘काय बोलतात तेच कळत नाही’ अशी जी मतं फिरतात, त्यांतली बरीच या जातीची असतात.

मालिकेसारखं का दिसतं, ते आधी बघू. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने घेतलेला असतो. तुमच्या टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० नाहीतर १२० वेळा बदलतो. ही तफावत भरायला टीव्ही दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतःच्या अंदाजाने तयार करतो आणि घुसवतो. हालचाल एकदम गुळगुळीत होते. स्टुडिओतलं व्हिडिओ चित्रीकरण पूर्वापार सेकंदाला ५० वेळा टिपलं जायचं, त्यामुळे गुळगुळीत म्हणजे मालिका किंवा बातम्या अशी आपल्या डोळ्यांची समजूत झालेली आहे. ताडून बघायचं असेल तर एखाद्या दृश्यात कॅमेरा लोखंडी रेलिंगवरून किंवा खिडकीच्या गजांवरून सरकताना नीट बघा. गज मध्येच तुटतात, वाकतात, आणि पुढून चालत जाणाऱ्या माणसाच्या हाताभोवती पाण्यासारखी एक कड हलते. ती कड टीव्हीने बनवलेल्या चित्रांची. मूळ पिक्चरमध्ये ती नाही.

हा प्रकार बंद करता येतो, फक्त प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय. सॅमसंगवर ‘पिक्चर क्लॅरिटी’ किंवा जुन्या सेटवर ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’. सेटिंग्जमध्ये पिक्चर, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे हे सापडेल. बंद करा. नवीन सेटवर ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडा, तो या भानगडी एका फटक्यात बंद करतो. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड. ‘व्हिव्हिड’ आणि ‘डायनॅमिक’ हे दुकानातल्या झगमगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून असतात. घरात त्याने चेहरे भाजल्यासारखे लाल होतात. सिनेमा मोड लावल्यावर पहिले दोन दिवस पडदा पिवळट आणि मंद वाटेल. घरचे कुरकुर करतील. तेवढे दोन दिवस काढा.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. मेनूतून सगळं बंद केलं, पिक्चर लावला आणि परत तेच दिसायला लागलं, अशी तक्रार असते. कारण टीव्ही साध्या चित्राची आणि एचडीआर (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणाऱ्या) चित्राची सेटिंग वेगवेगळी लक्षात ठेवतो, शिवाय सेट-टॉप बॉक्स आणि टीव्हीतली अ‍ॅप यांचीही वेगळी. म्हणून पिक्चर चालू असतानाच सेटिंगमध्ये जा आणि तिथे बदल करा. रात्रीच्या दृश्यात नुसता काळोख दिसत असेल तर ‘एनर्जी सेव्हिंग’ आणि खोलीच्या उजेडानुसार पडदा मंद करणारा पर्याय, दोन्ही काढून टाका. फुटबॉल बघताना मात्र ती गुळगुळीत हालचाल कुणाला खुपत नाही. तुमच्या घरी सामने बघणारे असतीलच, कोल्हापूरच आहे, तर त्या इनपुटवर ती राहू द्या.

आता आवाज. बोलणं पुटपुटल्यासारखं आणि स्फोट कानठळ्या बसवणारा, ही घराघरातली तक्रार आहे. सपाट टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. वर पिक्चरचा आवाज बऱ्याचदा सहा वाहिन्यांचा, म्हणजे सहा वेगवेगळ्या स्पीकरसाठी वाटलेला असतो; यालाच ५.१ म्हणतात. त्यातलं बोलणं मुख्यत्वे मधल्या वाहिनीत असतं. दोन स्पीकरच्या टीव्हीवर त्या सहा वाहिन्या दोनात कोंबल्या की संगीत आणि धडाधड बोलण्यावर स्वार होतात. म्हणून अ‍ॅपमध्ये भाषा निवडता तिथेच ५.१ ऐवजी साधी स्टीरिओ पट्टी मिळतेय का बघा. टीव्हीच्या साउंड मेनूत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तशा नावाचा पर्याय लावा आणि ‘सराउंड’ काढा. रात्री ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ लावला की हळू आवाज वर येतो, मोठा खाली बसतो. शेजाऱ्यांच्या भिंतीवर उपाय हाच. थिएटरात असलं काही लावू नये, पण साडेनऊनंतर अपार्टमेंटमध्ये लाजायचं कारण नाही.

साउंडबार घ्यायचा विचार असेल तर तो ब्लूटूथवर जोडू नका. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. एचडीएमआयच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या भोकातून जोडा, आणि तरीही मागेपुढे होत असेल तर ‘ऑडिओ डिले’ थोडा थोडा बदलून बघा. पण पैसे घालवायच्या आधी फुकटातलं करून बघा: फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, आणि पंखा एक नंबर कमी. पंख्याच्या घरघरीत ‘स’, ‘फ’, ‘थ’ हे आवाज आधी बुडतात, आणि वयस्कर माणसांना तेच आधी ऐकू येईनासे होतात. सासरे झोपतात असं तुम्ही लिहिलंय. निम्मे संवाद हुकत असतील तर कुणीही झोपेल. मराठी पिक्चरलासुद्धा मराठी सबटायटल्स मिळत असतील तर लावा, अक्षरं मोठी करा.

बसायचं अंतर ५५ इंचीला साधारण साडेसात फूट पुरे. बऱ्याच घरांत सोफा समोरच्या भिंतीला टेकवलेला असतो, बारा फुटांवर. मग सबटायटल्स मुंगीएवढी आणि मोठ्या पडद्याचे पैसे पाण्यात. समोरची ट्यूबलाइट बंद करा, टीव्हीच्या मागच्या बाजूला एखादा मंद दिवा ठेवा. नेटबद्दल एवढंच, की नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस वेग लागतो असं सांगतं. चित्र मध्येच पुसट होत असेल तर पिक्चरला नावं ठेवायच्या आधी राउटर कुठे आहे ते बघा.

टीव्ही झाला. आता ग्रुपवरची मतं.

‘लई भारी’ लिहिणारी मैत्रीण खोटं बोलत नसते. तिला तो पिक्चर भारी वाटलेलाच असतो. पण दुपारी दोन वाजता, एकटीने, मुलं शाळेत, चहाचा कप हातात असताना. तुम्ही तोच पिक्चर रात्री साडेनऊला, सहाजणांत, दिवसभर राबून लावता. मत खरं असूनही तुमच्या कामाचं नाही, कारण ते कुठल्या परिस्थितीतलं आहे ते त्यात लिहिलेलंच नाही. घरी बघायच्या पिक्चरच्या बाबतीत निम्मा अपेक्षाभंग इथून येतो. पिक्चर काहीतरी एक देत असतो, आपण दुसरंच मागत बसलेले असतो.

म्हणून मत वाचताना आधी माणूस वाचा. ग्रुपमधल्या चौघी-पाचजणींची मतं एका वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये टिपून ठेवा. कुठला पिक्चर, ती काय म्हणाली, तुम्हाला कसा वाटला. आठ-दहा नोंदी झाल्या की कुणाचं कुठे जमतं ते दिसायला लागतं. एखादीची विनोदी पिक्चरची निवड चोख असेल आणि भुताच्या पिक्चरची एकदम चुकीची. एखादीचं मत दर वेळी तुमच्या उलट पडत असेल, तर तीही उपयोगाची. ती ‘बकवास’ म्हणाली की लावून बघा. सगळ्यात निकामी मत म्हणजे दर वेळी, दर पिक्चरला ‘छान आहे’ म्हणणारीचं. त्यातून काहीच कळत नाही.

इंटरनेटवरच्या आकड्यांनाही हाच न्याय लावा. आयएमडीबीवर ९.१ दिसला म्हणून भुलू नका, खाली किती जणांनी मतं दिलीत ते बघा. मराठी पिक्चरला बऱ्याचदा मतं थोडी असतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत ती चाहत्यांची नाहीतर विरोधकांची असतात. आकड्यावर टिचकी मारली की एकपासून दहापर्यंत किती जणांनी किती दिले त्याचे पट्टे दिसतात. दहाचा आणि एकचा असे दोनच पट्टे लांब असतील तर तिथे पिक्चरबद्दल मत कमी आणि भांडण जास्त आहे. रॉटन टोमॅटोजवरची टक्केवारी म्हणजे तर गुण नव्हेतच. ९० टक्के म्हणजे शंभरातल्या नव्वद समीक्षकांचं मत अनुकूल पडलं, एवढाच अर्थ. त्या नव्वदांनी ‘बरा आहे’ म्हटलं असेल तरी आकडा नव्वदच. कामाची परीक्षणं मधली असतात, दहापैकी पाच-सहा देणारी. तो माणूस काय जमलं आणि कुठे फसलं हे दोन्ही लिहितो. पाच मिनिटांत अशी तीन वाचा, बाकीची सोडून द्या.

ट्रेलरवरून निवड करू नका. विनोदी पिक्चरच्या ट्रेलरमध्ये बहुतेक चांगले विनोद आधीच संपवलेले असतात, आणि संथ पिक्चरचा ट्रेलर भराभर कापून तो थरारपट असल्यासारखा दाखवतात. त्यापेक्षा पिक्चर लावून मधलीच दोन मिनिटं बघा, साधारण पस्तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटाची. गती, आवाज, भाषा, प्रकाश सगळं खरं खरं दिसतं. रहस्यपट असेल तर मात्र असं करू नका.

आता तुमचं लिहिणं. समीक्षक नाही हे बरंच आहे, कारण ग्रुपला समीक्षा नकोच आहे. त्यांना ठरवायचं असतं की आज रात्री हा लावू का नको. त्यासाठी कथेचा सारांश लागत नाही, तो अ‍ॅपवर असतो. लागतं ते हे: भाषा कुठली आणि तुम्ही मूळ भाषेत बघितला का डबिंगमध्ये, लांबी किती, गती कशी, कुठे ढेपाळतो, मुलांसमोर किंवा सासऱ्यांसमोर अडचणीचं काय आणि साधारण कितव्या मिनिटाला, आणि कुणी बघू नये. शेवटचं वाक्य कधीच गाळू नका. ‘कुणी बघू नये’ हे लिहायला घेतलं की मत आपोआप नेमकं होतं.

नमुना म्हणून एक बघा:

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९), परेश मोकाशी. मराठी. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा “राजा हरिश्चंद्र” कसा उभा केला त्याची हलकीफुलकी गोष्ट. पावणेदोन तासांच्या आत संपतो, त्यामुळे उशिरा लावला तरी चालतो. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळत नाही आणि शेवटी स्वयंपाक्याला उभं करतात, तिथे पोरंही हसतील. चरित्रपट म्हणजे डोळ्यांत पाणी आणि मोठमोठी भाषणं असं ज्यांना हवं, त्यांना हा फारच खेळकर वाटेल.’

आणि दुसरा, अगदी वेगळ्या जातीचा:

‘कोर्ट (२०१४), चैतन्य ताम्हाणे. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशी मिसळ, सबटायटल्स लागतीलच. एका लोकशाहिरावरचा खटला आहे, पण कोर्टातली टाळ्याखाऊ भाषणं नाहीत. तारखा पडतात, कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो आणि दृश्य संपलं असं वाटल्यावरही तिथेच थांबतो. वकील कोर्टाबाहेर कसे जगतात तेही दाखवलंय, आणि पिक्चरचा मुद्दा तिथेच आहे. थरार हवा असेल तर नको. जेवून, दमून, सगळ्यांत बसून नको. रविवारी दुपारी दोघांनी बघा.’

‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक आहे. ते लिहायला हरकत नाही, पण शनिवारी रात्री लावू का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. हाच पिक्चर ‘पुरस्कारप्राप्त, चुकवू नका’ एवढ्या ओळीवर साडेनऊला सहाजणांत लागला असता, तर सव्वादहापर्यंत सगळे उठले असते आणि ग्रुपवर ‘बकवास’ पडलं असतं. पिक्चर तोच, फसली ती शिफारस.

शेवट सांगू नका हे तुम्हाला माहीतच आहे. पण ‘शेवट बघून हादराल’ हेही लिहू नका. बघणारा पहिल्या मिनिटापासून प्रत्येकावर संशय घेत बसतो आणि तासाभरात ओळखतो. ‘संथ’ आणि ‘कंटाळवाणा’ यांतही गल्लत करू नका. अविनाश अरुणचा ‘किल्ला’ संथ आहे, पण बाप गेलेला पोरगा कोकणात नव्या शाळेत जातो, तिथे त्याला कोण भेटतं, हे नववीतल्या मुलाला धरून ठेवू शकतं. कंटाळवाणा म्हणजे दृश्यातून नवं काही कळत नाही तरी ते चालूच राहतं. फरक ओळखायचा असेल तर दृश्य संपल्यावर विचारा, सुरू होताना ठाऊक नव्हतं असं आता काय ठाऊक झालं? सलग तीन दृश्यांचं उत्तर ‘काही नाही’ आलं तर कंटाळवाणा लिहायला मोकळ्या.

सिरीजच्या बाबतीत जास्त सावध राहा. पिक्चर वाईट निघाला तर दोन तास जातात, सिरीज वाईट निघाली तर आठवडा जातो, आणि इतके तास घातलेत म्हणून माणूस ते कबूलही करत नाही. बऱ्याच सिरीजचं दुखणं एकच असतं. गोष्ट दोन तासांची, भाग आठ. चार माणसांच्या पांढऱ्या रश्श्यात पाणी ओतून पंगत उठवावी तसं. पहिल्या भागावर सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली असते, म्हणून त्यावरून काही ठरवू नका. दुसरा भाग बघा. तिसऱ्यापर्यंत ताणल्याच्या खुणा दिसायला लागतात. भागाच्या शेवटी दचकवणारं काहीतरी घडतं आणि पुढच्या भागाच्या पहिल्या दोन मिनिटांत ते काहीच नव्हतं असं निघतं. एक फोन केला असता तर मिटलं असतं असं गुपित चार भाग ताणलं जातं. शहरावरून उडणारे ड्रोनचे शॉट वाढतात. मधल्या भागांत अचानक पोलिसाच्या बायकोची किंवा नायकाच्या मित्राची वेगळीच कहाणी सुरू होते आणि मूळ गोष्ट जागेवरच राहते. यांतल्या दोन खुणा दिसल्या की सोडा. फारच उत्सुकता असेल तर शेवटचा भाग बघून टाका, त्यात कमीपणा नाही.

ग्रुपवर सिरीजचं मत टाकताना किती भाग बघून लिहिताय ते पहिल्याच ओळीत सांगा. दोन भाग बघून ‘लई भारी’ लिहिणाऱ्यांनी या राज्यातल्या कित्येक रात्री वाया घालवल्या आहेत.

डबिंगचंही लिहीत जा. दक्षिणेतले पिक्चर आपल्याकडे हिंदीत बघितले जातात, आणि ‘नट ठोकळा आहे’ असं मत येतं ते पुष्कळदा डबिंगच्या आवाजाबद्दल असतं. बंद खोलीत माइकसमोर बोललेला आवाज भर बाजारातल्या दृश्यावर चिकटवला की तो वेगळा पडतोच. मूळ मल्याळम किंवा तमिळ लावून सबटायटल्स वाचता येत असतील तर तसं बघा. सासू-सासऱ्यांना ते जमणार नाही, तर त्यांच्याबरोबर डबिंग चालेल. मतात मात्र ‘हिंदी डबिंगमध्ये बघितला’ एवढे शब्द हवेतच.

तुम्हाला उठून पाणी आणायला लावणाऱ्या दृश्यांची गोष्ट. २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला वयाचं वर्गीकरण दाखवावं लागतं: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. पिक्चर सुरू होताना कोपऱ्यात ते येतं, सोबत हिंसा, शिव्या, नशा असं कशामुळे तेही लिहिलेलं असतं. तुमच्या घरात दुसरीतली मुलगी जागी असेल तर यू किंवा ७+ च्या वर जाऊच नका. नववीतल्या मुलाला १३+ चालेल, पण १३+ मध्ये शिव्या कितपत आहेत हे आजी-आजोबांच्या दृष्टीने वेगळं बघावं लागतं. वर्गीकरण वयाचं असतं, बैठकीतल्या संकोचाचं नव्हे. ती उणीव तुमच्या यादीने भरून काढायची. ‘पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास एक मिनिटभराचं दृश्य, रिमोट हाताशी ठेवा’ ही ओळ पाच ताऱ्यांपेक्षा जास्त दुवा मिळवून देईल. १३+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना पालकांचं कुलूप लावायची सोय अ‍ॅपना द्यावीच लागते. मुलांसाठी वेगळं प्रोफाइल काढा आणि तुमच्या प्रोफाइलला पिन टाका, नाहीतर वेगळं काढून उपयोग नाही.

सहाजणांना एकच पिक्चर आवडावा हा हट्ट सोडा. साडेनऊला बसत असाल तर पिक्चर दोन तासांच्या आतलाच घ्या, अडीच तासांचा साडेआठला नाहीतर रविवारी. निवडायचं काम त्याच रात्री रिमोट हातात घेऊन करू नका, त्यात अर्धा तास जातो आणि शेवटी जो कंटाळतो त्याच्या ‘लाव काहीही’वर ठरतं. दुपारीच तीन नावं काढा, जेवताना एक ठरवा. आणि पाळी लावा. एक शनिवार मुलाचा, एक सासऱ्यांचा, एक तुमचा. ज्याचा शनिवार नाही त्याने उठून गेलं तरी रागवायचं नाही.

सासऱ्यांच्या पाळीला जुनं लावा. ज्या गावात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, त्या गावातल्या घरात काळा-पांढरा पिक्चर लावायला भीड कसली! भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (१९६५) घ्या. लोहार नवरा-बायकोची गोष्ट, जयश्री गडकर आणि सूर्यकांत, आणि ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांचं संगीत. गाणी सुरू झाली की सासूबाईच पुढची ओळ म्हणतील. असल्या जुन्या पिक्चरची चौकट आजच्या टीव्हीपेक्षा चौरस असते, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येतात. त्या घालवायला कुणीतरी रिमोटवरून चित्र ताणतं, आणि सगळी माणसं आडवी, बुटकी दिसायला लागतात. ताणू नका. ‘झूम’ही नको, त्यात डोकी कापली जातात. पट्ट्या असू द्या. आवाजात खरखर असेल तर बास आणि सराउंड काढा, बोलणं मोकळं होतं. नव्या पिक्चरला वर-खाली पट्ट्या येतात त्याचं कारणही तसंच, तिथे चौकट टीव्हीपेक्षा रुंद असते.

आता मध्येच बंद करण्याबद्दल. तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण तीन शनिवार फुकट जातात याचा अर्थ तुम्ही शेवटपर्यंत बसून राहता. दोन तासांच्या पिक्चरमध्ये साधारण पंचवीस-तीस मिनिटांत कळायला हवं की गोष्ट कुणाची आहे आणि त्याला काय हवंय किंवा कशाची भीती आहे. तेवढ्यात कळलं नाही आणि बघत राहावंसंही वाटत नसेल तर बंद करा. पहिल्या दहा मिनिटांत मात्र निकाल लावू नका, नव्या माणसांची ओळख व्हायला तेवढा वेळ लागतोच. अर्धवट सोडलेल्या पिक्चरवर मत द्यायला हरकत नाही, पण ‘४० मिनिटांनी सोडला, कारण अमुक’ असं लिहा. कारण वाचून एखादी म्हणेल की मला तर हेच हवं होतं. तुमच्या न आवडण्यातून तिला तिचा पिक्चर सापडला तर यादीचं काम झालंच. अ‍ॅपमधला ‘पुढचा भाग आपोआप सुरू’ हा पर्याय प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. भाग संपल्यावर बटण आपल्या हाताने दाबायला लागलं की निम्म्या सिरीज तिथेच सुटतात.

कुणाच्या लाडक्या नटाचा पिक्चर तुम्ही ‘नको’मध्ये टाकलात की ग्रुपवर वादळ येणार, हे धरून चाला. नटाबद्दल काही लिहूच नका. ‘मध्यंतरानंतर गोष्ट सोडून गाण्यांत शिरतो’ हे लिहिलं की कुणाला लागत नाही, ‘यांना आता अभिनय जमत नाही’ म्हटलं की लागतं. वर पहिल्या वाक्याचा वाचणारीला उपयोग आहे, दुसऱ्याचा नाही.

पहिल्या महिन्याला यादी लहानच ठेवा. दोन घरात चालतील असे, एक ‘आमच्याकडे फसला, पण तुमच्याकडे कदाचित नाही’ असा, एक अर्धवट सोडलेला. प्रत्येकी चार-पाच ओळी, आणि तुम्ही स्वतः न बघितलेला एकही नको. शुक्रवारी टाकू नका, तेव्हा सगळ्यांच्याच सूचनांचा पूर येतो आणि तुमची यादी वर सरकून जाते. गुरुवारी संध्याकाळी टाका. कुठला पिक्चर कुठल्या अ‍ॅपवर आहे हे त्याच दिवशी तपासून लिहा, कारण करार संपला की पिक्चर एका अ‍ॅपवरून उतरून दुसरीकडे जातो, आणि साडेनऊला सहाजणांसमोर शोधत बसायची वेळ येते.